खिळा मारायचा नाही

कोल्हापूरच्या राजारामपुरीत खोली बघायला गेलं की भाडं नंतर कळतं, खिळ्याचं आधी. 'भिंतीला खिळा मारू नये' ही पाटी कुठे दारामागे असते, कुठे घरमालकीण काकूंच्या जिभेवर. नऊला गेट बंद, मैत्रिणी आत नाहीत, हिटर-इंडक्शन नाही, लाइट बिल वेगळं, असे बाकीचे नियम मागून रांगेनं येतात. पहिला मान खिळ्याचा. आणि दारामागची ती पाटी चांगल्या दोन इंची खिळ्याला टांगलेली असते.

जून-जुलै हा आमच्याकडे खोल्यांचा हंगाम. जनता बझारपासून टाकाळ्यापर्यंत विजेच्या खांबांवर 'कॉट बेसिस', 'फक्त मुलींसाठी', 'शाकाहारींना प्राधान्य' अशी पत्रकं चिकटतात. खांबाला काहीही चिकटवा, तो काकूंचा नाही. चंदगड, आजरा, गारगोटी, कणकवली, निपाणी, जत अशा गावांहून पोरं-पोरी बापाबरोबर एसटीनं उतरतात. बापाच्या खांद्यावर गादीची वळकटी, पोराच्या हातात मोबाईल. मोबाईलवर रील चालू असतं: 'अवघ्या पाचशे रुपयांत स्वप्नातली हॉस्टेल रूम!'

त्या रीलमधली खोली एकदा नीट बघा. पांढरी भिंत, पांढरी चादर, खिडकीबाहेर बहुधा कॅनडा. भिंतीवरून प्लास्टिकची वेल उतरते, वेलीत पिवळ्या दिव्यांची माळ, माळेला चिमटे, चिमट्यांना मैत्रिणींचे फोटो. कोपऱ्यात एक दिवा आहे, तो भिंतीवर मावळतीचा सूर्य पाडतो. अमेरिकेत तर पोरगी कॉलेजला निघाली की हॉस्टेलची खोली सजवायला इंटिरियर डिझायनर लावतात, हजारो डॉलर मोजतात, आणि आई दारात उभी राहून रडते. आनंदानं की बिलामुळे ते रीलमध्ये कळत नाही.

पण त्यांच्याकडे सजवायला आधी भिंत असते. आमच्या दहा बाय दहाच्या खोलीला चार भिंती असल्याचं फक्त भाडं सांगताना कळतं. एकीत दार, दुसरीत खिडकी. तिसरीला मालकांचं लोखंडी कपाट. त्यातलं सामान मालकांचं, कुलूप मालकांचं, वरची धूळ भाडेकरूंची. उरली चौथी. ती तीन कॉटांत वाटली की माणशी सव्वातीन फूट भिंत हाताला लागते, त्यातली निम्मी ओलीची.

खिळा नाही म्हटल्यावर पोरं विज्ञानाकडे वळतात. म्हणजे चिकटणारा हुक. पाकिटावर 'दोन किलो वजन पेलतो' असं छापलेलं असतं आणि ते खोटंही नसावं. हुकाचा गोंद रंगाला घट्ट धरतो. अडचण एवढीच की आमच्या खोल्यांतला रंग भिंतीला धरून असतो तो निव्वळ सवयीनं. जुलैत गच्चीतून ओल उतरते, डिस्टेंपरखालचा जुना चुना फुगतो आणि एके रात्री आरसा, वेल, मैत्रिणी आणि हातभर पोपडा असं सगळं एकदम कॉटवर येतं. खिळ्यानं एक भोक पडलं असतं. हुकानं अख्खा तालुका उतरवला. सकाळी काकू तो उघडा विटांचा तालुका बघतात आणि विचारतात, "खिळा तर मारला न्हाईस न्हवं?"

"नाही काकू."

"मग ठीक हाय."

काकूंचा दुसरा राग दिव्यांच्या माळेवर. "रात्रभर लाइट जळत्यात, बिल कोण भरायचं?" हिशेब करून बघा. ५ वॉटची एलईडी माळ रोज ६ तास लावली तर महिन्याला एक युनिटसुद्धा भरत नाही. त्याच खोलीतला मालकांचा जुना पंखा ७५ वॉटचा. तो रोज १२ तास फिरला की महिन्याला २७ युनिट खातो आणि वारा देतो फक्त मधल्या कॉटला. तरी पंख्याला कुणी बोलत नाही. पंखा म्हणजे गरज, माळ म्हणजे चैन. विद्यार्थ्यानं चैन करू नये असं कुठल्याही करारात लिहिलेलं नसतं, पण खोली जरा बरी दिसायला लागली की मालकांना उगाच वाटतं, आपण भाडं कमी लावलं.

आता हे सगळं कोणत्या गावात चाललंय? कोल्हापुराला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात. पाहुणा आला की आम्ही त्याला दसरा चौकात उभा करतो आणि चहूकडे हात फिरवून बोर्डिंगं दाखवतो. १८९६ साली राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी सगळ्या जातींचं मिळून एक वसतिगृह निघालं होतं. थोड्याच दिवसांत त्यात एकाच जातीची मुलं उरली. शाहू महाराजांनी त्यावर भाषण केलं नाही, दुसरी वसतिगृहं काढली. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, मग मुस्लिम, लिंगायत, दैवज्ञ, नामदेव अशी एकामागून एक. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. नाव मुंबईच्या गव्हर्नरच्या मुलीचं. ज्याला गावात कुणी खोली देत नव्हतं त्याला दरबारानं छप्पर दिलं.

खोली जायचीही त्या काळी, पण कारणं जरा वजनदार असायची. मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला एक पोरगा गेला. आपल्या बोर्डिंगात परत आल्यावर 'आंघोळ करून शुद्ध हो, मगच जेवायला बस' असा हुकूम झाला. तो नाही म्हणाला. बोर्डिंगातून बाहेर. ते पोरगं म्हणजे भाऊराव पाटील. पुढे १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. खोलीतून काढल्यावर त्यांनी संस्था काढली. आपण फार तर डिपॉझिट काढायला जातो आणि तेही निघत नाही.

त्या बोर्डिंगांच्या दारावर जात ठसठशीत रंगवलेली होती. आज राजारामपुरीत पाटी असते 'विद्यार्थ्यांसाठी खोली'. पहिला प्रश्न असतो, "आडनाव काय?" आडनावावरून नीट उलगडा झाला नाही तर, "गाव कुठलं?" गावावरूनही जमलं नाही तर, "घरात काय काय खाता?" पाटी सुधारली, प्रश्न फक्त दारातून ओट्यावर सरकला. आणि विचारणाऱ्या घरात बुधवारी-रविवारी तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची पातेली चढलेली असतात, त्यामुळे 'शाकाहारींना प्राधान्य' हे कुणाचा नेमका कुठला आहार नको म्हणून लिहिलंय हे विचारायची सोय नाही.

सजावटीचा खरा पेपर इथं सुरू होतो. फोटो कुणाचा लावायचा? शिवाजी महाराजांना कुठलीही भिंत मोकळी. त्यांच्या फोटोला काकू स्वतः हातोडी आणून देतात, नियम दारामागे राहतो. जोतिबा, अंबाबाई, बाळूमामा, स्वामी समर्थ यांनाही हरकत नाही. पण बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेतून घेऊन आलेला पोरगा तो आधी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावतो. मालकांचा एकंदर अंदाज घेतो. महिना-दोन महिने गेले, भाडं वेळेवर गेलं, काकूंनी गौरीच्या फराळाचं ताट दिलं, की मग फोटो बाहेर येतो. काही घरांत येतच नाही. ज्या संस्थानात १९२० साली माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी स्वतः उभं राहून सांगितलं की बाबासाहेब हेच तुमचे पुढारी, त्या संस्थानाच्या राजधानीत हा फोटो शंभर वर्षांनी कपाटाच्या आत अंदाज घेत बसलाय. गल्लीच्या तोंडाला त्याच महाराजांच्या जयंतीचा फलक असतो, तो वेगळा.

आणि एखाद्या मुस्लिम पोरीला खोली मिळालीच, तर तिची भिंत सगळ्यांत स्वच्छ. ती काहीच लावत नाही. काकू शेजारणीला कौतुकानं सांगतात, "किती नीटनेटकी पोरगी हाय!"

मुलांच्या खोल्यांची तऱ्हा निराळी. मुली सजावट विकत आणतात. मुलांकडे ती आपोआप येते. तिचं नाव फ्लेक्स. कोल्हापुरात भाऊंचे वाढदिवस एवढे की बारा महिने कापडाची टंचाई नाही. वाढदिवस संपला, रात्री दोन पोरं खांबावर चढली, की सकाळी खिडकीला नवा पडदा. कोकणातला पाऊस येऊ नये आणि मे महिन्याचं ऊन शिरू नये, असा पडदा दुसरा कुठला? मग खोलीत शिरलं की खिडकीला 'भावी नगरसेवक', गादीखाली 'भावी आमदार', बाथरूमच्या दाराला 'मनःपूर्वक अभिनंदन'. टेबलावर अंथरलेल्या तुकड्यात शुभेच्छुकांचे बारीक चौकोनी चेहरे, त्यावर चहाच्या कपांची गोल चकती. पुढाऱ्यांनी विद्यार्थ्यांसाठी काय केलं, असं विचारणाऱ्यांनी एकदा कॉटवरची गादी उचलून बघावी.

गणपतीनंतर तर लूटच. राजारामपुरी म्हणजे तांत्रिक देखाव्यांचं माहेर. आगमनाच्या मिरवणुकीत भिंती हादरतात तेव्हा जेवढे पोपडे पडतात तेवढे वर्षभरातल्या हुकांनीही पडत नसतील, पण त्याचं बिल कुणी विद्यार्थ्यावर फाडत नाही एवढी कृपा. देखावा उतरला की सॅटिनचं कापड, एलईडीच्या पट्ट्या, प्लायवूडचे तुकडे यांना मालक उरत नाही. कैलास पर्वताचा एक कोपरा मी एका खोलीत बूट ठेवायला वापरलेला पाहिलाय. २०१८ च्या बंदीनं थर्माकोल आटलं, नाहीतर अख्खा राजवाडा मिळायचा.

राहिलेल्या भिंतीवर एका बाजूला मेस्सी, दुसऱ्या बाजूला रोनाल्डो. भांडण मात्र पाटाकडील आणि खंडोबा या गावातल्या फुटबॉल संघांवरून. शाहू स्टेडियमवर मॅच असली की मेस्सीला कुणी विचारत नाही.

पोरांनी स्वतः सजवलेली खोली बघायची असेल तर तालमीत जा. गंगावेशला जा, मोतीबागेत जा. शेंदरी मारुती, मोठा आरसा, कोपऱ्यात गदा, आणि ओळीनं वस्तादांचे आणि जुन्या मल्लांचे हार घातलेले फोटो. तिथंही गावोगावची पोरंच राहतात, पिठलं-भाकरीपासून थंडाईपर्यंत सगळं स्वतः करतात. तिथं भिंतीला खिळा चालतो. फक्त त्याला फोटो लागण्याआधी मैदान मारावं लागतं. ही अट मला काकूंच्या अटीपेक्षा रास्त वाटते.

आता जरा गावाच्या अभिमानाबद्दल. आम्ही कलानगरी. आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी नाटकांचे पडदे असे रंगवले की लोक नाटकाआधी पडद्याला टाळ्या देत. बाबूरावांनी सिनेमाची पोस्टरं रंगवली, सिनेमाचा कॅमेरा बनवला. त्यांच्या गावातला आजचा विद्यार्थी भिंतीला चिकटवतो तो विटांच्या भिंतीचं चित्र असलेला कागद. न्यूयॉर्कच्या विटांचा. खाली कोल्हापूरच्या खऱ्या विटा पोपड्यातून डोकावतायत, त्या झाकायला वर कागदी विटा. गावात चित्रकला शिकणारी पोरं चिक्कार आहेत. एका दुपारच्या मिसळीच्या बोलीवर त्यातल्या कुणीही सव्वातीन फुटांत रंकाळा काढून दिला असता. पण भिंतीवर ब्रश लावायचा म्हणजे खिळ्याच्या वरचा गुन्हा.

याच राजारामपुरीत एक बंगला आहे, 'निसर्ग'. नट आणि चित्रकार चंद्रकांत मांडरे यांचा. त्यांनी तो आपल्या चित्रांनी भरला. पावडर शेडिंगमधली निसर्गचित्रं, व्यक्तिचित्रं, भिंत दिसायची थांबेपर्यंत. आणि मग राहतं घर चित्रांसकट सरकारला देऊन टाकलं. आज ते कलासंग्रहालय आहे. म्हणजे एकाच उपनगरात एकानं भिंती चित्रांसकट देऊन टाकल्या आणि बाकीचे आपापल्या भिंतीत कुणी भोक पाडतंय का म्हणून टॉर्च घेऊन फिरतात. पाच मिनिटांच्या चालीवर राहणाऱ्या किती पोरांनी ते संग्रहालय बघितलंय हे विचारू नका. किती काकूंनी बघितलंय हे तर अजिबात नको.

कायदा काय म्हणतो? कायदा भलताच उदार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. त्यात म्हटलंय की लागेल तिथं महापालिकेची परवानगी काढून भाडेकरूनं लाकडी पार्टिशन घातलं, स्वयंपाकाचा ओटा बांधला, वारा यावा म्हणून खिडकी पाडली, फॉल्स सीलिंग केलं किंवा एसी बसवला, तर मालकाच्या परवानगीची गरज नाही. वाचून आमच्या मेसमधल्या एका पोराच्या हातातली भाकरी थांबली. खिडकी पाडता येते आणि खिळा मारता येत नाही! पण घाई नको. ही चैन भाडेकरूला. विद्यार्थी भाडेकरू नसतो. तो अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवाला असतो, आणि बहुतेक वेळा तेवढाही नसतो. वहीच्या पानावर 'डिपॉझिट मिळाले' एवढ्या दोन शब्दांवर तो अख्खं शैक्षणिक वर्ष झोपतो. वर्षाच्या शेवटी ते पानही सापडत नाही.

काकूंचीही बाजू आहे, ती न सांगणं बरं दिसणार नाही. काका निवृत्त झालेले, वरचा मजला कर्ज काढून चढवलेला, मागच्या बॅचनं कपाटाच्या दारावर नेमबाजी केलेली. खोली रंगवायची म्हणजे रंगारी, लांबी, दोन हात, चार दिवस खोली रिकामी. आणि ती खोली मुळात घरच्या पोराची. छतावर अजून अंधारात चमकणारे तारे चिकटवलेले दिसतात, दारावर सचिनचं अर्धं खरवडलेलं स्टिकर. पोरगा आता हिंजवडीत. त्याचे मालक फारच कडक म्हणे. त्यांनी त्याला कॅलेंडरसुद्धा लावू दिलं नाही. काकू हे सांगताना खरोखर हळहळतात. "असं कुठं असतंय व्हय? घर म्हटल्यावर चार गोष्टी भिंतीला लागणारच की!"

यंदा मे महिन्यात आमच्या गल्लीत एका पोरीनं खोली सोडली. आजऱ्याची. वर्षभर तिनं एक खिळा न मारता खोली अशी काही नटवली होती की मैत्रिणी फोटो काढायला यायच्या. खिडकीच्या गजाला बांधलेली माळ, कपाटाला चुंबकानं धरलेले फोटो, बादली उलटी ठेवून त्यावर आईच्या जुन्या इरकलीचं टेबल, गजाबाहेर तुळस आणि मनीप्लांट. काकू रोज म्हणायच्या, "कशाला हा पसारा?" सामान बांधताना पोरीनं विचारलं, "काकू, माळ न्हेऊ का हितंच ठेवू?" ती पुण्याला जाऊन नवी घेणार होती. काकू म्हणाल्या, "असू दे, काढायचा त्रास कशाला घेतीस."

पोरगी एसटीत बसली त्याच संध्याकाळी काकांनी मोबाईलवर फोटो काढले. माळ लावून. मनीप्लांट कॅमेऱ्यात येईल असा सरकवून. दुसऱ्या दिवशी खांबावर नवं पत्रक: 'डेकोरेटेड रूम. फक्त मुलींसाठी. कॉट बेसिस.' भाडं महिना पाचशेनं जास्त. आणि आजऱ्याच्या पोरीच्या डिपॉझिटमधून रंगाचे दोन हजार कापले, ते वेगळे.